राखेचं पाणी

सासऱ्यांना शिंक आली तरी ते आधी चंद्र कुठे आहे ते बघतील, अशी घरात सगळे त्यांची थट्टा करायचे. माणूस होताच तसा. द्राक्षबागेत विकतच्या औषधाचा थेंब पडू द्यायचे नाहीत. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरायचे, उकरून काढायचे, त्यातलं चिमूटभर पिंपातल्या पाण्यात टाकून आधी एका बाजूनं, मग उलट बाजूनं ढवळत बसायचे. बायोडायनॅमिक शेती म्हणतात तिला. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला हसू दाबता दाबता नाकी नऊ आले होते. मग तिनं त्यांची वाइन चाखली आणि मुकाट्यानं ढवळायला बसली.

एकाच गोष्टीनं तिच्या अंगावर काटा यायचा. शेतातले उंदीर फार माजले की सासरे त्यातले थोडे पकडून जाळायचे, ती राख पाण्यात ढवळायचे आणि वेलांच्या ओळींमधून शिंपडायचे.

"ज्याची राख मातीत गेली, त्याच्या वंशाला ती माती नकोशी होते," ते म्हणायचे. "सगळ्यांना मारायचं कशाला? आपण होऊन जातात."

आणि खरंच जायचे. बागेत एकही मेलेला उंदीर सापडायचा नाही. नुसती रिकामी बिळं राहायची.

मागच्या छाटणीच्या वेळी सासरे बसल्या जागी गेले. "मला पिंपात मुरवा नाहीतर मातीत, पण बागेबाहेर काढू नका," असं ते नेहमी हसत म्हणायचे. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. स्मशानातून डब्यात भरून आणलेली त्यांची राख त्यांनी त्याच पिंपात ओतली, त्याच काठीनं ढवळली, चंद्राचा तक्ता बघून दिवस धरला आणि सगळ्या बागेत शिंपडली. सूनही ढवळायला होती. सगळे रडले. त्यांना असाच निरोप आवडला असता, असं सगळ्यांनाच वाटलं. त्या वेळी कुणाला उंदीर आठवले नाहीत. कसे आठवतील? घरच्या माणसाला निरोप देताना कुणाच्या मनात असलं काही येतं का?

आधी काका गेले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, अख्खा जन्म मागच्या खोलीत काढलेला माणूस. "इथं जीव रमत नाही गं आता," म्हणाले आणि लेकीकडे राहायला गेले. मग नणंद. वाइनचं तळघर तिच्या हातात होतं, कुठल्या पिंपात काय मुरतंय ते तिला वासावरून कळायचं. तिनं दुसरीकडे नोकरी धरली. कारण विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही वहिनी. खाली उतरलं की कुणीतरी पाठीला हात लावून बाहेर ढकलतंय असं वाटतं."

मग नवरा. विक्रीच्या निमित्तानं तो बाहेरच राहू लागला. शहरातून फोनवर खदाखदा हसायचा आणि घरी आला की जेवता जेवता दाराकडे बघायचा. सुनेला संशयानं पोखरून काढलं होतं. तिकडे कुणी असेल, असंच कुठल्याही बायकोला वाटेल. तिलाही वाटलं.

त्यात तिला दिवस गेलेले. लग्नानंतर फार वाट बघून राहिलेलं मूल ते, ती जिवापाड जपत होती. पण पोटात ते सारखं तडफडायचं. दवाखान्यात तपासायला नेलं की निवांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ छान आहे. पण पोट आत्ताच कडक होतंय, हे बरं नाही. दिवस भरायला अजून अवकाश आहे. आराम करा." घरी येताना गाडी फाटकातून आत वळली आणि बाळानं अशी लाथ मारली की तिनं सीटची कड घट्ट धरली.

त्या आठवड्यात उंदीर पुन्हा दिसू लागले. दुपारी ती शेडमध्ये डोकावली तर सासूबाई पिंपापुढे बसून उंदरांची राख ढवळत होत्या. तेच पिंप, तीच काठी. ती बघत राहिली आणि मनातल्या मनात घरातल्या एकेकाला मोजू लागली.

"आई," ती म्हणाली, "काका गेले. ताई गेल्या. हे घरात टिकत नाहीत. ज्यांचा जन्म या घरात झाला त्यातलं इथं कोण उरलंय?"

"आपण आहोत की दोघी."

"आपण लग्न करून आलो, आई. बाबांच्या वंशातले नाही आपण."

काठी थांबली. पाणी मात्र आपल्या वेगानं फिरत राहिलं. सासूबाईंनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी ह्यांना जवळ ठेवायला गेले गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

तेवढ्यात पहिली कळ आली. सून पिंपाला धरून खाली बसली. बाळ निघायला बघत होतं. मिळेल त्या वाटेनं, भरले दिवस असोत की नसोत.

सासूबाईंनी फोन केला तेव्हा नवरा सुदैवानं वाटेतच होता. तो आला, पण गाडी फाटकाबाहेरच थांबवून हॉर्न वाजवत राहिला. आत का येत नाहीस, असं त्याला कुणी विचारलं नाही. त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी सुनेच्या काखेत हात घालून तिला वेलांच्या ओळींमधून चालवत नेलं. घड भरून आले होते, इतके की असं पीक सासऱ्यांच्या हयातीतही कधी आलं नव्हतं. दर ओळीला कळ येत होती.

फाटक ओलांडलं आणि कळ ओसरली. पोट सैल पडलं. बाळ आत शांत झालं, झोपल्यासारखं. सून गाडीच्या दाराला टेकून ढसाढसा रडली.

"चला आई. बसा गाडीत."

सासूबाई फाटक लोटून घेऊन आतच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. "ह्यांना इथं एकटं कसं टाकू?"

नवऱ्यानं आईकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

सून निरोप घ्यायला फाटकाशी गेली, तशी सासूबाईंनी गजांमधून हात बाहेर काढून सुनेच्या पोटावर ठेवला. त्यांच्या नखांत अजून राख होती.

"झालं की एकदा दाखवायला आणशील ना?"

"आणेन की," सून म्हणाली. त्या हाताखाली बाळ अंग चोरून मागे सरकलं. ते दोघींनाही कळलं.