गुरुजींच्या नावाने आलेल्या प्रतिक्रिया

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हटले म्हणून लगेच कीव करू नका. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते, पण आवाज अजून खणखणीत आहे आणि स्मरणशक्ती तर तुमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरापेक्षाही चांगली आहे. मी घाटनांदूरला राहतो. माझ्यासोबत जे घडले ते ऐकण्यासारखे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझे बारसे वगैरे काही झाले नाही, एक नंबर चिकटवला आणि खोक्यात घातले. तिथून मी अंबाजोगाईच्या एका दुकानात आलो. एके दिवशी माणिकराव गुरुजी दुकानात शिरले. ते नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. दुकानदार माझ्या कॅमेऱ्याचे गोडवे गात होता, पण गुरुजींनी विचारले, "ह्याच्यात पेपर वाचता येतो का? अक्षर मोठं होतंय का?" मी अक्षर मोठे करून दाखवले आणि माझी निवड पक्की झाली. बाकीचे चकचकीत मोबाईल बघतच राहिले.

ते माझे सोन्याचे दिवस होते. सकाळचा चहा झाला की गुरुजी ओसरीवर बसून बीडच्या एका दैनिकाच्या बातम्या माझ्यावर वाचत. प्रत्येक बातमीच्या खाली एक चौकट असते, तिच्यात वाचकांनी आपले मत लिहायचे. खरे सांगायचे तर त्या चौकटीत मतापेक्षा हाणामारीच जास्त चालते. कोणी वाघ, कोणी सिंह, कोणी भाऊभक्त अशी नावे घेऊन येतात आणि एकमेकांच्या आईबहिणीपर्यंत पोहोचतात. गुरुजी त्या गर्दीत शांतपणे उभे राहत. एका बोटाने हळूहळू लिहीत. रस्त्याविषयी लिहीत, परळीच्या गाडीच्या वेळेविषयी लिहीत, बातमीत चूक असली तर तीही दाखवून देत. शेवटी आपले पूर्ण नाव आणि गाव टाकत. एकदा एका वाघाने लिहिले, "म्हाताऱ्या, गप बस बे." गुरुजींनी उत्तर दिले, "बसलेलोच आहे. बसूनच लिहितो." त्या दिवशी वाचकांच्या कौतुकाच्या संदेशांनी मी इतका वाजलो की गुरुजींनी मला गप्प केले.

हळूहळू लोक गुरुजींची वाट पाहू लागले. आष्टीचे, केजचे, कधीही न भेटलेले वाचक विचारत, यावर गुरुजी काय म्हणतात? त्याच दैनिकात सत्यशीला नावाची बातमीदार होती. लहानपणी ती गुरुजींच्याच वर्गात शिकली होती. तिच्या पहिल्या बातमीखाली गुरुजींनी आधी तिची एक चूक दाखवली आणि मग "शाबास" लिहिले. तिने उत्तरात लिहिले की सरांची शाबासकी शाळेत कधी मिळाली नव्हती, ती आज मिळाली. गुरुजींनी ते मालनबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवले. मला फार अभिमान वाटला.

मग गुरुजी आजारी पडले. उपचारासाठी ते मुलीकडे, पौर्णिमाकडे, सोलापूरला गेले आणि तिथेच वारले. सगळे विधीही तिथेच झाले. मी मालनबाईंच्या पिशवीतून घरी परतलो. भिंतीवर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्या शेजारी गुरुजींचा फोटो लागला. मला कपाटात जागा मिळाली. मालनबाईंना मला चालवता येत नव्हते, तरी त्या मला रोज चार्जिंगला लावत. का लावत होत्या ते त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पुढे त्यांचा मुलगा बाळू याचा मोबाईल पंपाच्या पाण्यात पडला, आणि त्याने कपाटातून मला काढले. आमच्याकडे मोबाईल असाच वापरात येतो. वडिलांचा मुलाला, दादाचा ताईला, आणि नवे सिम घातले की काम झाले. आतले कोणी पुसत नाही. बाळूनेही पुसले नाही.

बाळू वाईट नाही, हे मी ठामपणे सांगतो. परळीला एका गॅरेजवर तो इमानाने काम करतो. पण निवडणुकीच्या हंगामात तो रविराजभाऊ नावाच्या पुढाऱ्याच्या ग्रुपमध्ये सामील झाला. त्या ग्रुपमध्ये रोज तयार मजकूर येई आणि हुकूम सुटे, अमुक बातमीवर तुटून पडा. पोरे तो मजकूर उचलून खोट्या नावांनी चिकटवत. वाचायची कोणाला गरज वाटत नसे.

एके दिवशी सत्यशीलाची बातमी आली. एका वस्तीवर भाऊंनी पाण्याच्या टाकीचे उद्घाटन केले, हार-तुरे झाले, पण टाकीला पाइपच जोडलेला नव्हता. बायका अजून डोक्यावर हंडे वाहत होत्या. ग्रुप खवळला. मजकूर आला, "ही बाई विकली गेली आहे, हिला धडा शिकवा," आणि पुढे तुम्हाला सांगू नये असे बरेच काही. बाळूने घाईघाईत ते माझ्यावर चिकटवले आणि पाठवले. पण त्या दैनिकाच्या पानावर माझ्यात अजून गुरुजींचेच खाते उघडे होते. ती घाणेरडी प्रतिक्रिया उमटली ती माणिकराव गुरुजींच्या नावाने, त्यांच्या चष्मा लावलेल्या हसऱ्या फोटोसकट.

बाळूने नाव पाहिले तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो ती प्रतिक्रिया काढणारच होता. एवढ्यात लोक लिहू लागले की गुरुजी म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच. ग्रुपवर मेसेज आला, "बाळ्या, कमाल केलीस बे. भाऊ लई खूश हायेत. त्याच नावानं आजून टाक." बाळूचे बोट थांबले. मग त्याने आणखी टाकल्या. पहिली चूक होती, पण नंतरच्या चुका नव्हत्या, त्या जाणूनबुजून टाकल्या होत्या. मला काही रडू आले नाही, मित्रांनो, मला संताप आला. गावात त्या प्रतिक्रिया वाचणारे, ज्यांना खरे माहीत होते, ते बाळूच्याच ग्रुपमधले होते. बाहेरच्या वाचकांसाठी गुरुजी जिवंत होते आणि म्हातारपणी त्यांची जीभ सैल सुटली होती.

आठवडाभराने सकाळी सत्यशीला स्कुटीवरून घरी आली. मालनबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. बाळू आत बाजेवर मला घेऊन लोळत होता.

"काकू, सर हायेत का?" ती म्हणाली. "भांडायला न्हाई आले. एकच इचारायचं हाय, माझं काय चुकलं?"

मालनबाईंचे सूप थांबले. "कावून गं पोरी, काय झालं?"

"लोकांनी लई शिव्या घातल्या, त्याचं काही न्हाई. पण सरांनी लिवलं की मी विकले गेले. तवापासून हात चालंना. टाकीची दुसरी बातमी तयार हाय, पाठवायची हिंमत होईना."

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. फोटोला पांढऱ्या फुलांचा हार होता. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"उन्हाळ्यातच गेले ते," मालनबाई म्हणाल्या. "सोलापूरला."

"मंग लिवतंय कोण?"

मालनबाईंनी आत पाहिले. बाळू उठून बसला होता. "काय लिवलंस ते वाच," त्या म्हणाल्या.

"माय, राजकारण असतंय ते. तुला न्हाई समजायचं."

"मला नको समजू दे. हिला समजंल. हिच्याकडं बघून वाच."

बाळूने प्रतिक्रिया उघडली. "ही बाई" एवढे दोन शब्द तो वाचू शकला. पुढचे शब्द त्यानेच पाठवले होते, पण समोर बसलेल्या माणसाकडे पाहून ते त्याच्या तोंडून निघेनात. माझा पडदा मिटला. त्याने मला पुन्हा उजळले. मी पुन्हा मिटलो. तो मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "न्हाई वाचता येत, माय."

मग त्याने त्या सगळ्या प्रतिक्रिया काढल्या. त्यांच्या जागी त्याच खात्यावरून नवी लिहिली, ती मात्र त्याच्या स्वतःच्या शब्दांत. "मी बाळू, माणिकराव गुरुजींचा मुलगा. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या नावाने सत्यशीलाताईंना जे बोलले गेले ते सगळे मी लिहिले होते. ते खोटे होते." ग्रुपवर लगेच शिव्यांचा पाऊस पडला, बाळू विकला गेला असे तिथे ठरले, आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकले. त्याने ते शेवटपर्यंत वाचले.

सत्यशीला म्हणाली, "काकू, आता सरांचं खातं बंद करू. पण पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता. एकदा भाईर पडलो की परत आत जाता येणार न्हाई."

"म्हंजे ह्यांचं नाव हितं पुन्हा उमटायचं न्हाई?"

"जुनं राहील. नवं न्हाई येणार."

मालनबाईंनी मला हातात घेतले. कुठे दाबायचे ते बाळूने दाखवले. त्यांनी बराच वेळ गुरुजींच्या त्या छोट्या फोटोकडे पाहिले आणि मग स्वतःच्या बोटाने दाबले.

त्याच संध्याकाळी टाकीची दुसरी बातमी आली. बाळूने ती माझ्यावर सबंध वाचली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. तुम्ही जे लिहाल ते पोहोचवणार, चांगले आणि वाईट माझ्या वेगात सारखेच. म्हणून माझी विनंती ऐका. जे एखाद्याच्या तोंडावर वाचून दाखवता येणार नाही ते माझ्यावर लिहू नका. आणि घरातले माणूस गेले, तर त्याचा मोबाईल वापरायला घेण्याआधी त्याचे नाव त्यातून जपून बाहेर काढा. ते काम दुसऱ्या कोणावर टाकू नका. त्या दिवशी फोटो पडद्यावरून गेला आणि मालनबाई मला उराशी धरून रडल्या. सोलापूरला पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना रडता आले नव्हते.