लाल पानांची जाई

दिवाळी सरली की बालाघाटाच्या उतरणीवरचं ऊन हळदुलं होतं. त्या उन्हात, धारूरच्या अलीकडे आमच्या रानात, माझी भाची जाई कपाशीचं एक लाल पान दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरून उभी असते. एक डोळा मिटलेला, मान डावीकडे कललेली, आणि पानातून गाळून आलेला तांबूस प्रकाश तिच्या गालावर थरथरत असतो. पानाच्या शिरा अजून हिरव्याच असतात, त्यांच्यामधलं अंग मात्र पेटलेलं. वेचणीच्या बाया कापूस वेचतात आणि जाई पानं वेचते, कमरेला बांधलेला ओटा भरला की माझ्यापुढे रिता करते आणि म्हणते, "पा." अकरा वर्षांच्या जाईच्या मुखी जे चार-पाच शब्द आहेत, त्यांतला हा तिचा लाडका.

मला ते पान बघवत नाही. डोकं फिरतं माझं.

कारण त्या लालीला आमच्याकडे लाल्या म्हणतात, आणि लाल्या का पडतो हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल: जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलं. माझे वडील, अण्णा, तर बांधावर उभे राहून दोन एकरांपलीकडचं लालावलेलं झाड हेरायचे. मग त्यांना घास गोड लागत नसे. दुकानातून पांढऱ्या क्षाराचं पोतं यायचं, पंप पाठीवर चढायचा, आणि पिकावर मायेची फवारणी व्हायची. "पीक मुकं असतंय," ते म्हणायचे, "त्याचं आपल्यालाच वळखाय लागतंय."

आणि घरात, ओसरीवर, त्याच पोत्याला टेकून ठेवलेल्या बाजेवर, मुकी जाई आकडी येऊन धनुष्यासारखी वाकायची. अंगावर पीत होती तेव्हापासून. मुठी आवळलेल्या, ओठ निळसर, आणि घशातून येणारा तो बारीक, कापरा आवाज, जो मी आजही दुपारच्या शांततेत मध्येच ऐकते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी वहाण. कुणी देवीचा कोप म्हटलं. कशाचा आलाय कोप! दवाखान्यांतही कुणी आकडीचं औषध दिलं, कुणी कॅल्शियम. आकडी चार दिवस दबायची आणि पुन्हा उसळायची. दर खेपेला जाई थोडी मागे सरकायची. बसायला लागलेली पोर पुन्हा लवंडली, हुंकार देणारी गप्प झाली, आणि तिचं हसू उशिरा येऊ लागलं, सगळ्यांचं हसून संपल्यावर.

सहा वर्षांची झाली तेव्हा शहरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातलं मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. ते जवळजवळ नव्हतंच. पुढे तिचं जनुकही तपासलं, आणि बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं: अन्नातलं मॅग्नेशियम आतड्यातून रक्तात घ्यायला एक दार असतं, ते दार घडवणारं जनुक हिच्यात बिघडलेलं आहे. दार बंद असलं तरी फटींतून थोडं झिरपतं, म्हणून औषध भरपूर द्यायचं, दिवसातून थोडं थोडं करून, आणि जन्मभर द्यायचं. हे तान्हेपणीच सुरू झालं असतं, तर मेंदूवर एवढा घाव बसला नसता.

मग अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "मॅग्नेशियम? आवं, ते तर आमच्या घरात पोतंभर हाय!"

बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, ते खताचं आहे. ते पोरीला मुळीच द्यायचं नाही. हिचं औषध वेगळं." काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत पोरांना किती वेळा शिकवली असेल, त्या दिवसापासून ती माझ्या तोंडून निघत नाही. पानाची लाली बघणारे डोळे या घरात होते, आणि त्याच डोळ्यांसमोर एक लेकरू वाळत गेलं.

राग माझा तिथेच थांबत नाही. जाईची आई, माझी वहिनी सुमन, ही आमच्या मामाची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच अण्णांनी हक्क सांगितला होता, की ही आमची सून. मामाची पोरगी, रगत घरातलं घरात. जनुकाचा हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असा दोन्हीकडून यावा लागतो. म्हणजे जेवढा तिचा, तेवढाच माझ्या भावाचा, आणि दोघांचंही मूळ एकच घर. पण सहा वर्षं बोट कुणाकडे होतं? सुमनकडे. तिच्या पोटाकडे, तिच्या पायगुणाकडे. बोलणाऱ्या त्या सगळ्या तोंडांनी नंतर चकार शब्द काढला नाही. आता बोला की!

औषध सुरू झालं आणि जाईची आकडी थांबली. गेलेले शब्द मात्र परतले नाहीत.

मग शिवा झाला, जाईचा भाऊ. महिन्याभराचा असताना, भर दुपारी, सुमनच्या मांडीवर त्याच्या मुठी आवळल्या, डोळे वर गेले, आणि घशातून तोच बारीक, कापरा आवाज आला. मी सुट्टीला आले होते. अण्णा म्हणाले, "पोटात वारं धरलं आसल. उद्याच्याला बघू."

ज्या सासऱ्यांना ती मामा म्हणते, त्यांच्यापुढे सुमनने कधी मान वर केली नव्हती, ती लेकराला दुपट्यात गुंडाळून उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा.

"मामा, कपाशी लाल झाल्यावर तुमी उद्याची वाट बघता का? मंग ह्यालाच काहून थांबायचं?"

अण्णांनी मान खाली घातली. माझ्या भावाने मोटरसायकलला किक मारली. त्याच दिवशी शिवाचं मॅग्नेशियम तपासलं गेलं. तेही तसंच तळाला होतं, आणि त्याच रात्रीपासून औषध त्याच्या अंगात जाऊ लागलं.

शिवा आता तीन वर्षांचा आहे. सरीतून धावत येतो, जाईच्या हातातलं पान ओढतो आणि ठणठणीत आवाजात म्हणतो, "ताई, लाल पान मला दे, तू दुसरं घे!" सुमन हसते, मी हसते, आणि आमचं हसू विरल्यावर जाई हसते. त्या क्षणी मला जेवढा आनंद होतो, तेवढाच संताप येतो. दोघांना आजार एकच, औषधही एकच. एकाला वेळेवर मिळालं.

गेलेल्या माणसाची आठवण काढायला निदान एक आवाज असतो, एखादं जुनं लुगडं असतं. जी जाई यायची होती आणि पोचलीच नाही, तिचं माझ्यापाशी काहीच नाही. शिवा रोज एक नवा शब्द घरात आणतो, आणि दर शब्दाला मला आठवतं, की हा याच घरात आधी जाईच्या तोंडून यायचा होता.