बेकरीच्या भिंतीवर ओतिलिया

मित्रांनो, भिंतीला कोणी वय विचारत नाही, पण माझे पोपडे पाहिलेत तर तुम्हाला अंदाज येईल. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडे, अन्सेल्मोच्या बेकरीची मी रस्त्याकडची भिंत. भट्टीची ऊब आत ठेवायची आणि ऊन बाहेर, एवढंच माझं काम. बाहेरच्या अंगाला लोक कचऱ्याच्या पिशव्या टेकवत, पोरं स्प्रेनं आपली नावं लिहीत आणि कुत्री आपापल्या पद्धतीनं सही करून जात. कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही. भिंत पडली तरच तिची बातमी होते, आणि मला पडायची हौस नव्हती.

मग अन्सेल्मोची आई वारली. त्यानं एफ्रेनला बोलावलं. एफ्रेन दुकानांच्या पाट्या रंगवायचा. टायर आणि कोळंबी यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं म्हातारीचा चेहरा माझ्यावर काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद झाला. तिच्या डोळ्यांदेखत पिशवी टाकायची कोणाची छाती होईना. नगरपालिकेला इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते एका मेलेल्या बाईनं नुसतं बघून केलं.

मग काय, आळीतला जो तो आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आला. दर शनिवारी एफ्रेन रेषा मारायचा, बायका रंग भरायच्या, आणि शेजारी पातेल्यात मक्याच्या पिठाचे तामाले वाफत असायचे. नियम दोनच. चेहरा फक्त गेलेल्या माणसाचा. आणि चेहरा त्याच्या घरच्यांचा: त्यांनी तो पुसून स्वच्छ ठेवायचा, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी त्याच्याखाली झेंडू ठेवायचे, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही.

याच उत्साहात ओतिलियाचा घोटाळा झाला.

ओतिलियाबाई, आळीच्या भाषेत दोन्या ओतिलिया, म्हणजे कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी. एकटी, बिनलग्नाची, तोंडानं तिखट. आजारी बहिणीला बघायला ती मेक्सिकोतल्या आपल्या गावी गेली आणि महिनोन्महिने आलीच नाही. दाराला कुलूप, कुंड्यांतली झाडं वाळलेली. अशा वेळी चौकशी करणं आमच्या आळीच्या स्वभावात नाही; आमच्याकडे थेट प्रार्थना करतात. शेजारच्या ग्रासिएलाला स्वप्नात ओतिलिया पांढऱ्या कपड्यांत दिसली, तेवढा पुरावा पुरे झाला. रीतीप्रमाणे नऊ दिवसांची प्रार्थना बसली. बायका मनापासून रडल्या. तिच्यामागे इथे रडायला कोणी नाही म्हणून जरा जास्तच रडल्या. एफ्रेननं चेहरा काढला आणि डोळ्यांत शेवटची चमक भरत होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कानात काय घातलंयस रे माझ्या? असली झुंबरं मी जन्मात घातली नाहीत!"

ओतिलिया बॅग घेऊन उभी होती. एफ्रेन शिडीवरून पडता पडता राहिला.

"दोन्या, तुम्ही... तुम्ही तर गेला होतात!"

"गेले होते. आले. गावाला गेलेली माणसं येतात परत."

"पुसतो लगेच," एफ्रेन म्हणाला.

तिनं मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे. पुढेमागे काढावाच लागेल, तेव्हा तुझा हात थरथरत असेल. कानातलं तेवढं बदल."

अशी ती माझ्यावर राहिली. दरवर्षी मृतांच्या दिवशी ती स्वतःच आपल्या चेहऱ्याखाली झेंडू ठेवायची. "दुसरं कोण ठेवणार?" म्हणायची. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, पण भिंतीला कोण विचारतो?

वर्षं गेली. उन्हानं लाल रंगाचा गुलाबी झाला, गळक्या पाइपानं दोघातिघांच्या गालांवर ओघळ आणले. शेवटी अन्सेल्मोही माझ्यावर येऊन बसला. दूर राहणाऱ्या त्याच्या मुलीनं इमारत विकली, आणि टायलर नावाचा नवा मालक आला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कॉफीचं दुकान काढायचं होतं आणि त्यासाठी भिंत राखाडी हवी होती. राखाडी रंग कोणालाच आवडत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो.

एका सकाळी त्याचे दोन रंगारी आले. माझ्या कडेला रंगवलेली निवडुंगाची झाडं त्यांनी झटपट बुजवली. पहिल्या चेहऱ्यापाशी मात्र दोघांनी रोलर खाली ठेवले आणि टोप्या काढल्या.

"साहेब, यांच्या घरच्यांना विचारलंत?"

"इमारत माझी आहे."

"इमारत तुमचीच. चेहरा तुमचा नाही."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक हातातली कामं टाकून आले आणि जो तो आपल्या माणसाच्या चेहऱ्याखाली पाठ टेकून उभा राहिला. टायलर चिडला. त्यानं स्वतः रोलर उचलला आणि खाली कोणी उभं नाही असा चेहरा शोधू लागला. अन्सेल्मो आणि त्याच्या आईखालीसुद्धा बेकरीतली जुनी माणसं उभी होती; मोकळा असा एकच होता. ओतिलियाला इथे घरचं कोणी नव्हतं ना! त्यानं शिडी तिथेच लावली.

मित्रांनो, एक चेहरा गेला की बाकीचे फार दिवस टिकत नाहीत. माझ्या विटांना हे कळत होतं.

तेवढ्यात काठी टेकत ओतिलिया आली आणि शिडीला हात लावून उभी राहिली.

"आजी, बाजूला व्हा."

"का? माझ्याच चेहऱ्याखाली उभी आहे."

टायलरनं वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. "पण इथले सगळे मेलेत म्हणे!"

"मीही मेले. नऊ दिवस रडलेत हे लोक माझ्यासाठी."

"आठ," गर्दीतून ग्रासिएला म्हणाली. "नवव्या दिवशी तू टपकलीस."

"चढ बाळा," ओतिलिया म्हणाली. "शिडी मी धरते. पडलास तर तुलाही वर काढावं लागेल, आणि जागा फार उरली नाहीये."

सगळी आळी हसली. टायलर हट्टानं चढला. वर पोचल्यावर त्याच्या समोर एक ओतिलिया आणि खाली दुसरी, दोघी त्याच्याकडेच बघत. रोलरमधून राखाडी थेंब त्याच्याच बुटावर पडत राहिले. शेवटी तो म्हणाला, "तुमची... परवानगी आहे का?"

इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच कोणाला काही विचारलं होतं.

"नाही," ओतिलिया म्हणाली. "पण विचारलंस, बरं केलंस. ये खाली, खाऊन घे काहीतरी."

मग जो गलका झाला! गाड्यांचे भोंगे वाजले, कोणी खिडकीत स्पीकर लावला, रंगारी शिट्ट्या मारू लागले, आणि माझ्या विटा दणाणल्या. मी इतकी वर्षं उभी आहे, पण ताठ उभी राहिले ती त्या दिवशी.

कॉफीचं दुकान झालं, चांगलं चालतं. टायलर गिऱ्हाइकांना मला अशा अभिमानानं दाखवतो, जणू ही कल्पना त्याचीच. मी काही बोलत नाही. त्यानं गळका पाइप दुरुस्त केला, उरलेला राखाडी रंग एफ्रेनला दिला. नव्या चित्राखाली अस्तर म्हणून तो उत्तम बसतो. शेवटी त्यालाही काम मिळालं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. रंग उन्हानं उडतो, त्याला इलाज आहे. विचारायचं राहून गेलं, तर नाही. तुमच्या गावातही अशी एखादी भिंत असेल. तिच्यावर ब्रश फिरवण्याआधी तिथे कोण आहे ते विचारा. उत्तर कोण देणार, असं वाटलं तर जरा थांबा. आम्ही दिसतो तितके मेलेले नसतो.