घमेल्याखालची पेटी

"घमेलं कुटं ठिवलंय तुमी?" बैलांच्या मानेवर जू ठेवता ठेवता सुंदरम्मानं पुन्हा विचारलं. परवापासून ती फुटक्या टोपलीत शेण भरत होती आणि परवापासून नवऱ्याला हेच विचारत होती.

"मला काय म्हाईत. घमेलं काय डोक्यावर घालून फिरतोय व्हय मी," चनबसप्पा म्हणाला आणि उगाचच विहिरीकडं चालायला लागला.

घमेलं कुठं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रानाच्या वरच्या बांधावर, बाभळीशेजारच्या खांबावर जी पांढरी पेटी होती, तिच्यावर त्यानं ते उपडं घातलं होतं आणि तारेनं गच्च आवळून टाकलं होतं. आवळताना जिवाला कसं गार वाटलं होतं. आता मात्र त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं.

सुंदरम्मा गाडी घेऊन ओढ्याकडं निघाली. पलीकडच्या रानात उडीद काढून पडला होता, तो परतीच्या पावसाच्या आत खळ्यावर आणायचा होता. तिनं गाडी भरून आणायची आणि त्यानं खळं सारवून ठेवायचं, अशी कामाची वाटणी ठरली होती. शेण कालवायला घमेलं लागतं हे तिनं जाता जाता सुनावलंच.

आता या पेटीचं सांगायला हवं. दुधनीच्या अलीकडचा हा सगळा भाग खळग्यात. मोबाईलला रेंज म्हणून नाही. वस्तीवर माणूस पडलं तरी गावात कळवायला दुसरं माणूस पळवावं लागायचं. सोलापूरच्या एका कॉलेजात संशोधन करणारी प्रतिक्षा नावाची पोरगी मागल्या साली आली आणि तिनं वस्तीवस्तीवर या पेट्या रोवल्या. वर सोलरची पाटी, बाजूला बोटभर अँटेना, एक बटण, एक भोंगा आणि दिव्यांची रांग. तार नको, टॉवर नको. एका पेटीनं ऐकलेलं शेजारच्या पेटीला सांगायचं, तिनं पुढचीला, असं करत निरोप गावातल्या दूध डेअरीत पोचायचा. ती त्याला मेश नेटवर्क म्हणायची, गाव नुसतं पेट्या म्हणायचं. आधी लोक हसले. मग उन्हाळ्यात माळावरच्या नंदीशला साप चावला, त्याच्या बायकोनं बटण दाबलं आणि डेअरीतून जीप आली. नंदीश वाचला. दुसऱ्या दिवशी पेट्यांना हळदकुंकू लागलं.

सगळ्यात वरची पेटी मृत्युंजयची, ओढ्याच्या काठाला. तिला पाणी मोजायची नळी जोडलेली होती. या ओढ्याची खोडच अशी की पाऊस पडायचा वर कुठंतरी, आणि इथं टळटळीत ऊन असताना लाल पाणी यायचं. नळीनं पाणी चढलेलं ओळखलं की सगळ्या वस्त्यांचे भोंगे वाजायचे. प्रत्येक वस्तीचा एक दिवा. ज्या वस्तीची पेटी ऐकती असेल तिचा दिवा बाकीच्यांच्या पेटीवर हिरवा असायचा.

हा मृत्युंजय म्हणजे चनबसप्पाच्या चुलत्याचा मुलगा, धाकटा भाऊच म्हणा. दोघांची जेवणं एका ताटात झालेली. पण औंदाच्या कारहुणवीला, ज्येष्ठी पुनवेच्या बैलांच्या सणाला, सगळं नासलं. कारहुणवीला वेशीत तोरण बांधतात, बैल पळवतात, आणि ते पहिलं तोडायचा मान चनबसप्पाच्या घरचा, आज्यापासूनचा. ऐन वेळी मृत्युंजयचा काळा बैल कासरा हिसकून सुटला आणि तोरण तोडून गेला. मुद्दाम सोडला, असं चनबसप्पा म्हणाला. जनावर आहे, असं मृत्युंजय म्हणाला. लोक हसले, ते चनबसप्पाला सगळ्यात जास्त लागलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मृत्युंजयची गाडीवाट याच्या रानातून जात होती, तिच्यावर चनबसप्पानं बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले. मृत्युंजय लांबच्या माळावरून वळसा घालून गावात जायला लागला, पण तक्रार करायला आला नाही. त्यानं तर हा जास्तच चिडला.

परवा डेअरीत प्रतिक्षा भेटली. मृत्युंजयचा निरोप गावात येतो कसा, असं चनबसप्पानं तिला सहज विचारलं.

"तुमच्या पेटीवरून, काका. तुमचीच सगळ्यात जवळ आहे ना," ती म्हणाली. आणखी काहीतरी सांगत होती, पण ते ऐकायला हा थांबलाच नाही. गाडीवाट बंद करून बसलो आणि या गड्याचं बोलणं रोज आपल्याच बांधावरून फुकट जातंय, एवढंच त्याच्या डोक्यात घुसलं. घरी येऊन त्यानं अँटेना झाकायला गोठ्यातलं लोखंडी घमेलं उचललं.

दुपार कलायला लागली. ऊन असं की अंग भाजावं. पण वरच्या अंगाला, कर्नाटकाच्या बाजूला, आभाळ काळं झालं होतं. चनबसप्पानं खळ्यावर पाणी शिंपडलं, थोडं सारवलं, उठला, आभाळ बघितलं, परत बसला. पेटीकडं निघाला आणि अर्ध्या वाटेवरून माघारी आला. घमेलं काढावं तर हार मानल्यासारखं होतंय. न काढावं तर बायको ओढ्यापलीकडं आहे. आपणच ओढ्यावर जाऊन उभं राहू, पेटी कशाला पाहिजे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तरी गेला नाही. सारवलेल्या जागेवरच पुन्हा सारवत बसला.

आणि भोंगा वाजला. खालच्या अंगाला, मायाक्काच्या वस्तीवर. मग माळावर नंदीशचा. मग लांब कुठंतरी आणखी एक. चारी बाजूंनी रान ओरडायला लागलं आणि मधे फक्त चनबसप्पाच्या बांधावर शांतता होती. आपण वाट अडवली तरी निरोप गेला कसा, याचा विचार त्याला नंतर सुचला. आधी तो पळाला.

ओढ्याच्या उताराला पोचला तेव्हा अलीकडच्या काठावर मृत्युंजय उभा होता. धोतर फाटलेलं, पोटऱ्यांवरून रक्त ओघळत होतं. बाभळीच्या फासावरून तो सरळ चालत आला होता. घरी कन्नड बोलणारी ही माणसं, घाईत तोंडात कन्नडच येतं. हात उभारून तो एकच ओरडत होता, "बरब्याड, वैनी, बरब्याड!" येऊ नको, येऊ नको.

पलीकडं सुंदरम्मानं भरलेली गाडी पात्रात घातली होती. पाणी अजून घोट्याएवढं होतं. मृत्युंजयचा आवाज ऐकून ती थांबली, वर बघितलं, आणि तिला लाल फेस दिसला. गाडी वळवायला जागा नव्हती. तिनं जुवाच्या खिळी उपसल्या, बैल सोडवले आणि शेपट्या पिळत त्यांना पलीकडच्याच काठावर घातलं. पाठोपाठ तीही चढली. गाडी तिथंच राहिली. पाण्यानं ती आधी नुसती हलवली, मग आडवी केली, आणि उडदाच्या पेंढ्यांसकट घेऊन गेली. चनबसप्पा काठावर बसला आणि रडला. गाडीसाठी नाही.

ऊन उतरता उतरता पाणी ओसरलं. सुंदरम्मा बैल घेऊन अलीकडं आली आणि आधी मृत्युंजयच्या पायांकडं बघितलं.

"माळावरचा भोंगा आयकला की मी," ती म्हणाली. "पर आपली पेटी वाजंना. म्हनलं, ती कॉलेजची पोरगी तपासत आसंल. आपल्या पेटीवर इस्वास, दुसरं काय."

चनबसप्पा पायाखालचा चिखल अंगठ्यानं उकरत राहिला.

"परवाधरनं तुज्या वस्तीचा दिवा लागंना, अण्णा," मृत्युंजय म्हणाला. तीन महिन्यांनी आलेला हा पहिला शब्द. "म्हंजी तुला काय आयकू येनार न्हाय. आन् वैनी सकाळी पल्याड गेल्याली मी बघिटली हुती."

"तुजा निरोप गेला कुनीकडनं?" चनबसप्पानं खालमानेनंच विचारलं.

"माळावरनं. एक वाट बंद झाली की पेट्या दुसरी शोधत्यात, त्या पोरीनं सांगिटलं न्हाय व्हय तुला? माजं काय आडलं न्हाय. तुलाच काय कळलं न्हाय."

टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त झोंबला. तिघंही वर बांधाकडं आले, कारण मृत्युंजयला घरी जायचं होतं आणि आता वळसा घालायचं त्राण त्याच्या पायांत नव्हतं. बाभळीपाशी आल्यावर घमेलं दिसलंच. सुंदरम्मानं घमेल्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि ती बैल बाभळीला बांधायला लागली. चनबसप्पाला वाटलं, त्यापेक्षा हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मृत्युंजयनं तार सोडली. घमेलं उतरवून झटकलं आणि काखेला मारून फासांकडं गेला. वाकून एक फांदी ओढायला लागला.

"जाण्यापुरतं काडतो, अण्णा. ह्येच्यात भरून बांधाला टाकतो."

चनबसप्पा पुढं झाला. घमेलं त्याच्या हातातून काढून घेऊन त्यानं सुंदरम्माला दिलं.

"एवड्या काट्याला घमेलं पुरतंय व्हय," तो म्हणाला. "सकाळी गाडी घिऊन ये. हिकडनंच ये." मग ओढ्याकडं बघून म्हणाला, "पल्याड उडीद राहिलाय अजून. माजी गाडी तर गेली."

मृत्युंजय फांदी काढलेल्या फटीतून लंगडत गेला, आणि चनबसप्पा अंधार पडेपर्यंत उघड्या हातांनी काटे उपसत राहिला.