पुस्तकात ती परत येत नाही

खुणेसाठी घातलेला नारळाच्या हिराचा तो तुकडा कादंबरीच्या पानांतून बोटभर बाहेर डोकावत होता, आणि त्याच्या पलीकडे आता फारच थोडी पाने उरली आहेत हे पाहून सत्यवानाच्या मनात एक प्रकारची धास्ती उत्पन्न झाली. शेवट आधीच पाहता आला असता… परंतु पोथीचा शेवटला अध्याय आधी उघडू नये, हा घरचा नेम. आणि छापील ग्रंथ म्हटला की त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती. स्नान करावे, पडवीत बसावे, एक अध्याय वाचावा, मग जाळे विणायला घ्यावे.

संशय मात्र कोणताच नेम पाळीत नव्हता.

शिमग्याच्या आधी टीव्हीवर याच कादंबरीचा सिनेमा लागला होता. तांडेलाची बायको परक्या माणसाच्या होडीत बसून निघून जाते आणि अखेरीस ओल्या पावलांनी नवऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते — शेजारच्या जानकीने डोळे पुसले. आणि सुगंधा, त्याची पत्नी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली,

"पुस्तकात असां नाय. पुस्तकात ती येवकच नाय."

"तू खंय वाचलंस गो?" जानकीने विचारले.

"माहेराक. लग्नाच्या आदी."

"मगे पुस्तकच बरां म्हण!"

"बरांच," सुगंधा म्हणाली, आणि हसली.

ते हसू… पुस्तक सिनेमाहून सरस, असे तर सगळेच म्हणतात. तीही त्याच अर्थाने म्हणाली असेल. तथापि बाईने परत न येणे तिला बरे का वाटावे? आणि आपण तर पावसाळा सोडता सारे वर्ष रत्नागिरीच्या ट्रॉलरवर असायचो — त्या काळात ती… म्हणूनच त्याने हे पुस्तक मिळवून वाचायला घेतले होते.

"अवो, संपली काय पोथी?" आतून सुगंधाचा टोमणा आला. "पारायणाचो नारळ कदी फोडूचो?"

त्याने शेवटले पान वाचले.

पुस्तकातही ती परत आली होती. उंबरा तोच, पावले ओलीच. त्याने बोट ठेवून पुन्हा वाचले. एखादे पान गळले असेल म्हणून शिवण तपासली. शिवण शाबूत होती.

म्हणजे सिनेमाने काहीच बदलले नव्हते. मग परत न आलेली ती बाई सुगंधाने पाहिली कुठे? विसरली असेल… परंतु विसरलेले माणूस इतक्या खात्रीने हसते काय?

पेजेचा वाडगा घेऊन ती बाहेर आली, त्याच्यासमोर टेकली.

"मगे? येवक नाय ना ती?"

तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. ती खरोखरच उत्तराची वाट पाहत होती.

"येवक नाय," तो म्हणाला. आणि स्वतःचाच आवाज त्याला, घरी प्रथमच आलेल्या परक्या बाईशी बोलावे, तसा सावध आणि मऊ ऐकू आला.