मर्सीची करवंटी

त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती. आम्हा दोघी जावांची विहीर एकच, म्हणून पंप एक दिवस मी लावायचा, एक दिवस मर्सीनं. मी केळीत पाट वळवत होते आणि कुंपणापलीकडे मर्सीचे बाण केळीच्या खुंटात रुतत होते. सहाच्या सहा, वितीभर जागेत.

माझा नुसता जळफळाट झाला.

गोखिवऱ्याचे जयवंत सर चर्चच्या मैदानात दोन रविवार तिरंदाजी शिकवून गेले ते गेलेच. जाताना म्हणाले, "महिन्यानं येईन, तुमच्या वटारची एक बाई तालुक्याच्या स्पर्धेला नेईन." ती बाई मी, असं मी मनात ठरवूनच टाकलं होतं. अहो, नाव आधी मी दिलेलं. मर्सी आली माझं बघून! पण माझा एक बाण आंब्याला, दुसरा मातीत, खुंटाला लागला तर नशीब. हिनं मात्र पाय रोज एकाच जागी पडावेत म्हणून जमिनीत दोन करवंट्या पुरल्या, त्यांना पावलं टेकवून रोज साठ बाण मारले.

"सगळे डावीकडंच जातात गो वहिनी," ती म्हणाली. "मधी एकपन नाय. काय चुकतंय, कोन सांगनार?"

"सर येतील तेव्हा विचार," मी म्हणाले. मला तिच्या त्या चुकलेल्या बाणांचाही हेवा वाटत होता.

दुपारी ती फुलं घेऊन वसईच्या बाजारात गेली. मी कुंपण ओलांडलं, पुढच्या पायाची करवंटी उपटली आणि चार बोटं सरकवून पुरली. वरून पाटाचं पाणी सोडलं. कुणी विचारलंच तर पाट फुटला म्हणून सांगता येईल.

सकाळी तिची हाक आली. "वहिनी, धाव!"

धावले. सहाही बाण बरोबर मधोमध.

"पान्यानं करवंटी हलली बघ! म्हटलं, हितंच पाय ठेवून बघू. देवानंच लावली गो!"

मी खुंटाकडे बघत राहिले.

सर आले, पाच मिनिटांत मर्सीला निवडून गेले. त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हीच गोष्ट, देवानं मर्सीची करवंटी कशी लावली! मला ते ऐकवेना. शेवटी कन्फेशनला जाऊन गुडघे टेकले.

"फादर, ती करवंटी मी हलवली. जावेचं वाईट व्हावं म्हणून."

"पश्चात्ताप होतो?"

"होतो तर! काम केलं मी आनि नाव झालं देवाचं!"

जाळीपलीकडे फादर बराच वेळ खोकत होते. मग म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून मर्सीला जाऊन हे सगळं सांग."

"फादर," मी म्हणाले, "त्यापरीस पन्नास रोझऱ्या जपायला सांगा ना."