चेहरा नको, आवाज घे

हॅलो, हॅलो, चेक. टिचकी मारू नका, चालू आहे. मी माईक बोलतोय.

माझ्या पोटात दोन पेन्सिल सेल बसतात, डोक्यावर जाळी आहे आणि गळ्याशी एक बटण. जन्म चीनमधल्या कारखान्यातला, असं खोक्यावर लिहिलं होतं. मला आठवतं ते मात्र दुबईच्या देरा बाजारातलं दुकान. तिथून मोहिद्दीनभाईंनी मला विकत घेतलं. रत्नागिरीकडच्या एका गावातली जी कुटुंबं नोकरी-धंद्यासाठी इथे आली, त्यांच्या मंडळाचे ते सेक्रेटरी. बाकी दिवसभर रास अल खोरला गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं गोदाम सांभाळायचं, आणि सुट्टीच्या दिवशी मंडळ.

पंधरा वर्षं मी मंडळाचा माईक होतो. या काळात एक गोष्ट पक्की कळली. बुजुर्ग माणसाच्या हातात माईक आला की तो आधी फुंकतो, मग टिचकी मारतो, मग म्हणतो, “फक्त दोन शब्द.” ते दोन शब्द मी पस्तीस-पस्तीस मिनिटं सोसलेत. गेल्या वर्षीचे आभार, या वर्षीचे आभार, बिर्याणी उशिरा आल्याबद्दल दिलगिरी. समोर पोरं मोबाईलमध्ये, मागे बायका आपसात, आणि स्टेजवर अध्यक्ष रफिकभाई स्वतःच्याच आवाजावर खूश.

मंडळाचा एक नियम होता. राजकारण नाही, पाकिस्तान नाही, पिक्चरसुद्धा नाही. “आपण इथे पोट भरायला आलोय, तोंड चालवायला नाही,” असं रफिकभाई दर वर्षी सांगत. मोहिद्दीनभाईंचं तर एकच वाक्य ठरलेलं. “बसून घ्या, बसून घ्या.” पंधरा वर्षांत त्यांनी माझ्यातून दुसरं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. गावातल्या प्रत्येक माणसाला तो खर्जातला आवाज पाठ झाला होता.

गेल्या वर्षी मंडळाच्या मेळाव्यात त्यांची मुलगी मुनिबा बोलायला उभी राहिली. मास कम्युनिकेशनची पदवी घेतलेली, तेवीस वर्षांची. तिनं मला हातात घेतलं. फुंकलं नाही. थेट विचारलं, “मंडळाच्या कमिटीत आजवर एकही बाई का नाही?”

हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले. मोहिद्दीनभाई लगबगीनं आले. “खलास बेटा, टाइम झाला,” म्हणाले आणि मला तिच्या हातातून काढून घेतलं. वर पुन्हा तेच. “बसून घ्या, बसून घ्या.”

ती बसली नाही, हॉलबाहेर गेली. त्या दिवशी मला माझ्या कामाची पहिल्यांदा लाज वाटली.

त्यानंतर मी गोदामात एअर फिल्टरच्या खोक्यांमागे पडून होतो. सेल काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते आतच फुटले, पट्ट्या हिरव्या पडल्या. मला वाटलं, संपलो.

एका दुपारी मुनिबा अब्बांचा डबा घेऊन आली आणि जाताना मला पर्समध्ये टाकून घेऊन गेली. विचारलं नाही. घरी तिनं कान साफ करायची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून माझ्या पट्ट्या घासल्या, नवे सेल घातले, डोक्यावर लाल स्पंजची टोपी चढवली. कामही सांगितलं. दुबई मरीनातल्या एका मीडिया कंपनीत तिची निवड अर्ध्यावर अडकली होती. तिथल्या फिरदोस मॅडम म्हणाल्या होत्या, “पाकिस्तानचा नवा अ‍ॅक्शन थ्रिलर लागलाय, टेररिझमवरचा. त्यावर पब्लिक ओपिनियन आण. ‘पैसा वसूल’ म्हणणारी शंभर माणसं माझ्याकडे आहेत. मला एक असा माणूस दे, जो खरं बोलतो. गुरुवारपर्यंत.”

घरी हे कळलं तेव्हा जेवणाची ताटं वाढलेली होती.

“पाकिस्तानी पिक्चर?” मोहिद्दीनभाई म्हणाले. “त्या थिएटरच्या आसपास फिरकायचं नाही. आपण इंडियन, त्यात मुसलमान. इकडून पण बोलतील, तिकडून पण बोलतील.”

“अब्बा, इट्स जस्ट अ फिल्म.”

“मग जस्ट सोडून दे.”

ती गेलीच.

शारजातल्या थिएटरच्या मॅनेजरनं लेखी परवानगी दिली होती. पोस्टरच्या शेजारी उभं राहायचं, वाट अडवायची नाही, आणि ज्याला नको त्याचा चेहरा घ्यायचा नाही. शनिवारी दुपारचा खेळ सुटला. मुनिबानं मला पुढे केलं, तिची मैत्रीण यम्ना कॅमेरा घेऊन उभी.

चेहरा कुणालाच नको होता. इथे राहणाऱ्या माणसाची ही पद्धतच आहे. मत असतं, पण त्याला चिकटलेला चेहरा नको. कुणाला व्हिसाची काळजी, कुणाला बॉसची, कुणाला गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची. “आवाज घे, चेहरा नको,” असं जो-तो म्हणायचा. शेवटी यम्नानं कॅमेरा माझ्यावरच रोखला. त्यामुळे त्या व्हिडिओत सबंध वेळ मीच दिसतो, लाल टोपी घातलेला, आणि माणसांचे नुसते आवाज येतात.

पहिले वीस आवाज सांगण्यासारखे नाहीत. “मस्त आहे, हबीबी.” “वन टाइम वॉच.” “पस्तीस दिरहम, म्हणजे आठशे रुपये झाले की हो, पण साउंड भारी.” एका पाकिस्तानी तरुणाला पुन्हा पाहायचा होता, एका भारतीय तरुणाला अर्ध्यातून उठून यायचं होतं, पण मैत्रिणीनं उठू दिलं नाही.

मग समाधान आला. बुलढाण्याकडचा, हमरिया फ्री झोनमध्ये क्रेनच्या हाताखाली काम करणारा. “चेहरा नको ताई, मी आज सिक लीव्हवर हाये,” म्हणाला आणि बोलायला लागला. “फायटिंग एक नंबर. पण हीरो सहाव्या मजल्यावरून पडतो अन् उठून पळतो. आमच्या साइटवर माणूस दुसऱ्यावरून पडला, तर त्याची पेटी गावाला जाते. टेररिस्टपेक्षा मले त्या हीरोचीच भीती वाटली.”

मुनिबा हसली. मीही हललो. तेवढ्यात दारातून आणखी दोघं बाहेर आले.

एक होते शेरजमानचाचा, गोदामाच्या पिकअपचे ड्रायव्हर, पेशावरचे. दुसरे मोहिद्दीनभाई. हातात पॉपकॉर्नचा अर्धा डबा.

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. बाप म्हणाला होता पिक्चरकडे फिरकू नकोस, आणि स्वतःच बघून आला होता. तिनं मंडळाचा माईक न विचारता उचलला होता, आणि तो त्याच्याच तोंडासमोर धरला होता.

“हा मंडळाचा माईक ना?” मोहिद्दीनभाई म्हणाले.

“हा तुम्ही मना केलेला पिक्चर ना?” मुनिबा म्हणाली.

शेरजमानचाचांनी मध्ये हात घातला. “बेटी, मैं लाया इनको. मेरे शहर का बाजार दिखाया है इसमें. अकेले देखने की हिम्मत नहीं थी.” मग ते माझ्याकडे वळले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. “धमाके का सीन झूठा है. इतनी आवाज नहीं होती. उस दिन मैं वहीं था, छोटे भाई की दुकान पे. धमाके के बाद कुछ सुनाई नहीं देता. लोग मुँह खोलते हैं, आवाज नहीं आती. फिल्म में हीरो फौरन भागता है बदला लेने. मैं तो दो दिन भाई का जूता ढूँढ रहा था.”

मुनिबानं मला हळूच अब्बांकडे वळवलं.

“पिक्चर चांगला आहे,” मोहिद्दीनभाई म्हणाले. “सगळ्यांनी मिळून-मिसळून राहावं.”

“अब्बा, हे मंडळ नाही.”

“अ‍ॅक्टिंग चांगली आहे.”

“अब्बा!”

त्यांनी डब्यातल्या पॉपकॉर्नकडे पाहिलं. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आला, पण ते फुंकणं नव्हतं.

“ह्या पिक्चरमध्ये बॉम्ब लावणारा इंडियन दाखवलाय,” ते म्हणाले. “म्हणजे माझा देश व्हिलन. आपल्याकडचे असले पिक्चर बघतो, तिथे व्हिलनचं नाव मोहिद्दीन नाहीतर माझ्या भावाचं. बॉर्डरच्या ह्या बाजूनं बघितलं तरी मीच, त्या बाजूनं बघितलं तरी मीच. तीस वर्षं झाली, मी ह्या शेरजमानच्या गाडीत बसून डबा खातो. आम्ही दोघं एका लायनीत शेजारी बसलो होतो. तो बॉम्बवाला मेला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा ह्यानं माझ्याकडे बघितलं, मी ह्याच्याकडे. मला एवढंच सांगा, मी माझा पॉपकॉर्न कुठल्या सीटवर बसून खायचा?”

पंधरा वर्षं मी या माणसाच्या हातात होतो. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

लगेच ते भानावर आले. “हे पूस. पूस आधी. रफिकभाईनं ऐकलं तर?”

“चेहरा नाहीये यात.”

“चेहरा कशाला पाहिजे? माझा आवाज सगळं गाव ओळखतं!”

आणि ते खरंच होतं. पंधरा वर्षं त्यांचं “बसून घ्या” ऐकवून मीच तो गावभर केला होता.

चार दिवस घरात तेच. फिरदोस मॅडमला हवा असलेला माणूस मुनिबाच्या हाताशी होता आणि तो तिचाच बाप होता. न विचारता पाठवणं सोपं होतं. ती तसं करील, असंच मला वाटत होतं. मला तरी तिनं न विचारताच उचललं होतं की. पण तिनं पाठवलं नाही. बुधवारी संध्याकाळी मैमुनाबी, तिची अम्मी, चहा गाळत असताना ती अब्बांसमोर उभी राहिली.

“तुम्ही माझ्या हातातून माईक काढून घेतला होता. मी तुमचा आवाज काढून घेणार नाही. नको म्हणा, पुसते. नोकरी गेली तर गेली. पण एक सांगते अब्बा, पंधरा वर्षं माईक धरून बसलात, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बोललात. तेही पुसायला लावताय.”

“बापाशी असं बोलतात?” मोहिद्दीनभाई म्हणाले.

“बरोबर बोलते ती,” मैमुनाबी म्हणाल्या. “चहा घ्या.”

गुरुवारी सकाळी ते तयार होऊन बाहेरच्या खोलीत आले. “ऐकव,” म्हणाले. कानाला हेडफोन लावून त्यांनी स्वतःचा आवाज दोनदा ऐकला. दुसऱ्या वेळी शेरजमानचाचांच्या वाक्यांशी डोळे मिटले. मग हेडफोन काढून विचारलं, “पॉपकॉर्नला लोक हसतील?”

“काही हसतील.”

“हसू देत.” ते बूट घालायला वाकले. “खाली पट्टी येते ना, बोलणाऱ्याची? काय लिहिलंयस तिथे?”

“प्रेक्षक.”

“नाव लिही. पूर्ण लिही. मोहिद्दीन इब्राहिम सोलकर, रत्नागिरी. त्या नावाचा एक माणूस स्पेअर पार्ट्स पण विकतो, कळू दे लोकांना.”

मुनिबा माझ्या डोक्यावरची लाल टोपी उगाचच नीट करत राहिली.

व्हिडिओ गेला. दोन्ही देशांतल्या लोकांनी खाली शिव्या घातल्या, ते अपेक्षितच होतं. मुनिबाला नोकरी लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. रफिकभाईंनी मीटिंग बोलावली आणि मोहिद्दीनभाईंचं सेक्रेटरीपद गेलं. ‘नियम तो नियम’, असं ठरावात लिहिलंय म्हणे. मंडळानं नवा माईक घेतला. त्याच्यात लोक आता जोरात फुंकत असतील. मला परत मागणारं पत्र काही आलं नाही.

माझं आता वय झालं. गळ्याशी बटण सैल आहे, बोलता बोलता मध्येच खरखरतो. मुनिबा मला अजून पर्समध्ये ठेवते, कंपनीचे चार नवे माईक असूनही. शनिवारी थिएटर सुटलं की मी पोस्टरशेजारी असतो. तुम्ही बाहेर याल, मी पुढे होईन. तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. फुंकू नका. “छान होता” म्हणून निघून जाऊ नका. चेहरा नको असेल तर नको. पण जे आत बसून वाटलं, तेच बाहेर येऊन सांगा, आणि जमलं तर नावही सांगा.

चला, चालू आहे. बोला.